कोणाचा टाळ अजून वाजतो आहे?

"आत्या, सीएसएम करू की पीएसएम?"

रविवारी सकाळी भाच्याचा फोन आला आणि कुशल विचारण्याआधी त्याने हा प्रश्न टाकला. ही दोन्ही स्क्रम मास्टरची, म्हणजे सॉफ्टवेअर टीमच्या कामातले अडथळे दूर करणाऱ्याची, प्रमाणपत्रे. तो वाकडला तीन मित्रांबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो आणि हिंजवडीतल्या एका कंपनीत चार वर्षे टेस्टिंग करतो. अप्रेझल तोंडावर आले आहे. टीममधल्या दोघांनी मागच्याच महिन्यात आपापली सर्टिफिकेटे लिंक्डइनवर लावली, त्यांच्यावर अभिनंदनांचा पाऊस पडला, आणि याची झोप उडाली.

मी विचारले, "तुला ते कशासाठी हवंय?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "टेस्टिंगमध्ये किती दिवस काढणार? स्क्रम मास्टरला पॅकेज बरं मिळतं. बाबांचं घराचं कर्ज अजून नऊ वर्षं आहे."

या उत्तरात मला काही वावगे वाटले नाही. चार पैसे जास्त मिळावेत म्हणून शिकणे हे लज्जास्पद नाही. आमच्या घरातले पहिले शिक्षणही त्याच गरजेतून झाले. पण त्याचे पुढचे वाक्य ऐकून मी खुर्चीत सरळ बसले. आवाज खाली आणून तो म्हणाला, "एक जण डम्प देतोय. पंधराशे रुपये. पास गॅरंटी."

ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. परीक्षेत आलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे जमवून जी फाइल विकली जाते तिला डम्प म्हणतात. ती पाठ करायची, परीक्षेला बसायचे, आणि जे आपल्याला येत नाही ते येते असा दाखला मिळवायचा. पुण्यात हे आता कुजबुजून बोलण्यासारखेही राहिलेले नाही. चहाच्या टपरीवर, ऑफिसच्या कॅबमध्ये, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर त्याची चर्चा एखाद्या सवलतीच्या योजनेसारखी चालते. म्हणून भाच्याला दिलेले उत्तर मी इथे जरा विस्ताराने लिहीत आहे. त्याच्या वयाची मुले, त्यांचे आईबाप आणि त्यांना नोकऱ्या देणारे माझ्यासारखे लोक, तिघांनीही ते वाचावे अशी माझी इच्छा आहे.

ज्या गोष्टीचे प्रमाणपत्र घ्यायचे ती मुळात काय आहे, हे आधी पाहू. २००१च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड या डोंगरावरच्या ठिकाणी सतरा जण जमले. सगळे प्रत्यक्ष सॉफ्टवेअर लिहिणारे किंवा लिहिणाऱ्यांबरोबर काम केलेले. वर्षभर कागदी आराखडे करायचे, दुसऱ्या वर्षी ते बांधायचे आणि तिसऱ्या वर्षी ग्राहकाने म्हणायचे की मला हे नकोच होते, या रीतीला ते विटले होते. त्यांनी अ‍ॅजाइल या नावाने एक छोटा जाहीरनामा लिहिला आणि त्याच्या पाठीशी बारा तत्त्वे मांडली. कागदापेक्षा माणूस मोठा, आणि आखलेल्या योजनेपेक्षा चालणारे काम मोठे, असा त्याचा मथितार्थ. त्या जाहीरनाम्यात प्रमाणपत्राचा उल्लेखही नाही. बारा तत्त्वांपैकी एक तर असे सांगते की काम करणाऱ्यांना वर्षानुवर्षे झेपेल अशाच गतीने काम चालावे. रात्री अकरापर्यंत परदेशी कॉलवर बसणाऱ्या आमच्या मुलामुलींना हे तत्त्व कोणी शिकवल्याचे मी क्वचितच ऐकले आहे.

भाच्याला जिचे प्रमाणपत्र हवे ती स्क्रम ही पद्धत याच विचाराची, पण या जाहीरनाम्याहून जुनी आहे. १९८६ साली ताकेउची आणि नोनाका या दोन जपानी अभ्यासकांनी नवी उत्पादने झपाट्याने घडवणाऱ्या गटांची तुलना रग्बीच्या संघाशी केली होती. स्क्रम हा शब्द तिथून आला. पुढे जेफ सदरलँड आणि केन श्वेबर यांनी १९९५ साली ती सॉफ्टवेअरची पद्धत म्हणून मांडली. तिची अधिकृत मार्गदर्शिका २०१० साली निघाली आणि २०२०च्या नोव्हेंबरमध्ये तिची सध्याची आवृत्ती आली. पाने किती? जेमतेम तेरा-चौदा. किंमत? काही नाही. कोणीही उतरवून घ्यावी, मूळ लेखकांचा निर्देश करून आपल्या भाषेत आणावी, तशाच खुल्या अटींवर पुढच्याला द्यावी, अशी तिला मोकळीक आहे.

ज्ञान असे फुकट आणि उघडे पडले आहे. पैसे पडतात ते शिक्क्याला. हा भेद ज्याच्या मनात पक्का बसला त्याला कोणताही क्लासवाला फसवू शकणार नाही.

शिक्क्याचे राजकारणही या मुलांनी जाणून घ्यावे. दोन दिवसांचा वर्ग आणि त्यावर प्रमाणपत्र ही प्रथा स्क्रम अलायन्सने रुजवली. श्वेबर स्वतः त्या संस्थेच्या संस्थापकांपैकी. परीक्षा कशी असावी, प्रमाणपत्र कशाच्या जोरावर द्यावे, यावर मतभेद झाले, २००९ साली ते बाहेर पडले आणि त्यांनी स्क्रम डॉट ऑर्ग काढली. भाच्याने विचारलेल्या दोन नावांपैकी सीएसएम पहिल्या संस्थेचे आणि पीएसएम दुसरीचे. नुसते वर्गात बसणे म्हणजे शिकणे झाले का, हा वाद त्या दोन नावांच्या जन्मातच आहे. तो ज्याचा त्याने आपल्यापुरता सोडवायला हवा.

आता डम्पकडे येते. त्याबद्दल मला राग आहे आणि तो मी लपवणार नाही.

स्क्रमची इमारत तीन खांबांवर उभी आहे, असे मार्गदर्शिकाच सांगते. पहिला खांब पारदर्शकता. काम जसे आहे तसे सगळ्यांना दिसले पाहिजे. ते दिसले तर तपासता येईल, आणि तपासले तर सुधारता येईल. पहिला खांब नसेल तर पुढचे दोन उभेच राहत नाहीत. आता विचार करा. ज्या पद्धतीचा पहिला धडाच 'आहे तसे दाखव' हा आहे, तिचे प्रमाणपत्र चोरलेल्या उत्तरांवर मिळवायचे! सोमवारी सकाळी हाच मनुष्य आठ जणांसमोर उभा राहून त्यांना सांगणार की अडचण लपवू नका, काम झाले नसेल तर झाले नाही म्हणा. कोणत्या तोंडाने?

आणि डम्प पाठ करणाऱ्याचे अज्ञानही झाकले जात नाही. दैनंदिन बैठकीत, म्हणजे स्टँडअपमध्ये, काल काय केले, आज काय करणार, अडचण काय, हे तीन प्रश्न विचारलेच पाहिजेत असे तो छातीठोक सांगतो. २०२०च्या आवृत्तीतून ते प्रश्न काढून टाकले आहेत. स्टोरी पॉइंट आणि व्हेलॉसिटी ही कामाची मोजमापे त्याला स्क्रमचा प्राण वाटतात. मार्गदर्शिकेत हे शब्दच नाहीत. चौदा पाने वाचायला एक दुपार लागते. ती दुपार वाचवायला लोक पंधराशे रुपये देतात आणि वर इभ्रतही देतात.

याहून वाईट प्रकारही चालतात. परीक्षेला दुसरा बसवायचा. न केलेल्या प्रोजेक्टवर दोन वर्षांचा अनुभव लिहायचा, ओळखीतल्या कोणाकडून पत्र घ्यायचे. "सगळेच करतात" हे त्यावरचे ठरलेले उत्तर. सगळेच करतात हे खरे नाही. जे करत नाहीत ते बोलत नाहीत, एवढेच.

काही वर्षांपूर्वी मी एका तरुणाची मुलाखत घेतली. नावापुढे तीन सर्टिफिकेटे होती. मी त्याला पुस्तकातले काही विचारले नाही. म्हटले, "तुमच्या टीममध्ये एक मुलगी आहे. आठवडाभर ती रोज स्टँडअपमध्ये 'काल तेच, आज तेच' एवढंच सांगते. तुम्ही काय कराल?" त्याने अडथळ्यांच्या यादीत नोंद करण्याबद्दल सांगितले, रेट्रोस्पेक्टिव्हमध्ये मुद्दा घेण्याबद्दल सांगितले, टूलमधल्या रिपोर्टबद्दल सांगितले. मी विचारले, "तिच्याशी बोलाल का?" तो गोंधळला. म्हणाला, "मॅडम, ते एचआर बघेल ना?"

तो मुलगा वाईट नव्हता. चार पर्यायांतून एक निवडणे त्याला शिकवले गेले होते, आणि शेजारी बसलेल्या माणसाकडे वळून "काय झालं गं?" असे विचारणे हा पर्याय त्या यादीत नव्हता. अशा मुलांना ज्यांनी घडवले त्यांत मीही येते, म्हणून हेही लिहिले पाहिजे. ज्या कंपनीत मी तेव्हा होते तिथे एका ग्राहकाने करारात अट घातली की टीममध्ये इतकी सर्टिफाइड माणसे हवीत. मी बावीस जणांची यादी केली आणि त्यांना दोन दिवसांच्या वर्गाला पाठवले. शिकवणारा चांगला होता. पन्नास प्रश्न, सदतीस बरोबर आले की पास. सगळे पास झाले. सोमवारी सगळे जागेवर परत आले आणि काहीही बदलले नाही. तेच रात्रीचे कॉल, तीच वरून ठरलेली तारीख, तोच 'हो सर, होऊन जाईल'चा जप. त्यांच्यातल्या एकीने मला महिन्याने विचारले होते, "वर्गात सांगितलं की टीमनं स्वतः ठरवायचं की या स्प्रिंटमध्ये किती काम घ्यायचं. मग आपण ठरवायचं का?" मी तिला म्हणाले, पुढच्या क्वार्टरला बघू. ते क्वार्टर आले नाही. बावीस जणांच्या हाती मी कागद दिला आणि त्यात लिहिलेले करण्याची मुभा दिली नाही. तो दोष माझा होता.

हे दुखणे सॉफ्टवेअरपुरते नाही. आपल्या समाजाला अधिकाराचे वेड फार जुने आहे. कोणाला ज्ञानाचा अधिकार आहे आणि कोणाला नाही, हे जन्मावरून ठरवण्यात आपण शतके घालवली. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा त्यांनी नुसती अक्षरे शिकवली नाहीत. ज्ञानाला दारवान नको, हे शिकवले. साताऱ्याकडे भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेत कमवा आणि शिका रुजवले, तेव्हा हात आणि पुस्तक यांतला सोवळेपणा मोडला. त्या लढ्यांची फळे खाऊन मोठे झालेले आपण आज काय करतो? जन्माच्या दाखल्याच्या जागी पैशाचा दाखला आणून बसवतो. लातूरहून आलेली एखादी मुलगी तीन वर्षे टीमची घडी बसवते, भांडणे मिटवते, ग्राहकाला नम्रपणे नाही म्हणते, पण तिच्याकडे कागद नाही म्हणून एचआरच्या चाळणीतून तिचा रेझ्युमे गळून पडतो. आणि ज्याने पंधराशेत उत्तरे विकत घेतली तो आत येतो. दारवान पुन्हा उभा राहिला आहे. त्याने फक्त कपडे बदलले आहेत.

मग प्रमाणपत्र घेऊच नये का? असे मी म्हणत नाही. चांगली परीक्षा माणसाला अभ्यासाला बसवते, विस्कळीत अनुभवाला नावे देते, आणि परगावच्या, ओळखीपाळखी नसलेल्या मुलाला दार ठोठावायला एक काठी देते. शेवटचे कारण मला सर्वांत मोलाचे वाटते. ज्याचा मामा मॅनेजर नाही त्याला कागदाचा आधार लागतो. पण तो आधार निवडताना फी आणि पास होण्याची टक्केवारी यांच्या आधी स्वतःला विचारावे: उद्या सकाळी मी कोणते काम अधिक चांगले करू शकेन?

भाच्याला मी जे सांगितले ते थोडक्यात असे. सीएसएमला वर्ग सक्तीचा आहे, आणि दर दोन वर्षांनी १०० डॉलर व शिक्षणाचे २० गुण देऊन ते जिवंत ठेवावे लागते. त्याची परीक्षा सोपी आहे. म्हणून त्याची खरी किंमत शिकवणाऱ्यावर ठरते. शिकवणाऱ्याने स्वतः टीम चालवली आहे का, आधीच्या विद्यार्थ्यांना तो आजही ओळखतो का, हे विचारून मगच पैसे भरावेत. वर्गाचे हॉटेल कोणते आणि जेवण कसे, हे विचारू नये. पीएसएमच्या पहिल्या पायरीला वर्ग सक्तीचा नाही. साठ मिनिटांत ऐंशी प्रश्न, ८५ टक्के गुण हवेत, फी २०० डॉलर, आणि एकदा मिळाले की ते कायम राहते. स्वतःच्या बळावर वाचून शिकणाऱ्याला, आणि खिसा बेताचा असलेल्याला, मी हेच सुचवते. ज्याने वर्षानुवर्षे प्रकल्प हाताळले आहेत, बजेट, कंत्राटे, बांधकाम किंवा कारखान्याची कामे पाहिली आहेत, त्याने पीएमआयच्या पीएमपीकडे बघावे. ती संस्था १९६९पासून आहे, चार वर्षांची पदवी असलेल्याकडे छत्तीस महिन्यांचा प्रकल्प चालवण्याचा अनुभव मागते, आणि २०२१च्या जानेवारीपासून तिने परीक्षेतला जवळजवळ अर्धा भाग अ‍ॅजाइल किंवा मिश्र पद्धतीचा केला. अर्जातला अनुभव ती काही जणांच्या बाबतीत तपासून घेते; न तपासला तरी खोटा अनुभव खोटाच. सेफ ही पद्धत अनेक टीम एकत्र बांधणाऱ्या मोठ्या कंपन्यांची. आपली कंपनी ती वापरत असेल आणि खर्च उचलत असेल तर ते प्रमाणपत्र घ्यावे, नाहीतर दरवर्षी नूतनीकरणाची फी भरत बसण्यात शहाणपण नाही.

एवढी माहिती अर्ध्या तासात मिळते. निवड मात्र तिच्यावर होत नाही. माझ्या ओळखीतल्या एकीने ती कशी केली ते सांगते.

ती पूर्वी आमच्याकडे डेव्हलपर होती. मुलगी झाली, सासूबाई आजारी पडल्या, आणि नोकरीत सहा वर्षांचा खंड पडला. परतायचे ठरवले तेव्हा क्लासवाल्याने तिला तीन प्रमाणपत्रांचे एकत्र पॅकेज विकायला घेतले होते. ती माझ्याकडे आली. "ताई, खंड भरून काढायला एवढं करावंच लागेल, असं म्हणतात ते." मी म्हटले, पैसे दिवाळीपर्यंत ठेव. आधी ती चौदा पाने वाच, आणि टोयोटाच्या कारखान्यातून आलेल्या कानबान या पद्धतीबद्दल वाच. मग घरात बघ, काम कुठे अडते.

घरात काम होते. तिची जाऊ चिंचवडला दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेते. हाताशी चार बायका, दोन मोठे गॅस, आणि दसऱ्यापासून रोज वाढत जाणारी वही. हिने फ्रिजच्या दारावर चिठ्ठ्या लावल्या. एक ऑर्डर, एक चिठ्ठी: घेतली, चालू, निवते आहे, भरली, दिली. दोन दिवसांत जे दिसले ते वहीत कधी दिसले नव्हते. चकल्या पाडणाऱ्या दोघी झपाझप सोऱ्या फिरवत होत्या, पण तळणीची कढई एकच. कागदावर पाडून ठेवलेल्या चकल्या वाळत, उचलताना तुटत, आणि तुटलेल्या पुन्हा मळाव्या लागत. सगळ्या दमत होत्या आणि माल पुढे सरकत नव्हता. हिने नियम केला: कागदावर दोन घाण्यांपुरत्याच चकल्या, कढई मोकळी होईपर्यंत तिसरा घाणा पाडायचा नाही. सोऱ्या ठेवून त्या दोघींनी शंकरपाळे कापायला घ्यायचे. पहिल्या दिवशी जावेला हा आळशीपणा वाटला. तिसऱ्या दिवशी तुटलेल्या चकल्यांची परात रिकामी होती.

मग अनारशांचा प्रश्न आला. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवावे लागतात, म्हणजे उशिरा घेतलेली ऑर्डर कितीही राबले तरी होणार नाही. पण जाऊ कोणाला नाही म्हणत नसे. गिऱ्हाईक तुटेल ही भीती. फ्रिजवरच्या 'घेतली'च्या रांगेत अडकलेल्या चिठ्ठ्या तिला रोज दिसत होत्या, आणि वसुबारसेच्या चार दिवस आधी तिने पहिल्यांदा फोनवर सांगितले, "ताई, अनारसे आता नाही जमणार, चिवडा देते." ते गिऱ्हाईक तुटले नाही. त्यांच्या हातात चिवडा वेळेवर पडला.

ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बोर्ड, चिठ्ठ्या, मर्यादा ही साधने आहेत. कामाखाली दबलेल्या माणसाला खरे बोलण्याचा आधार देणे हे त्यांचे प्रयोजन आहे. दिवाळीनंतर ती पीएसएमला बसली. पहिल्या खेपेला नापास झाली. दुसऱ्यांदा फी भरून पास झाली. मुलाखतीत तिने दोन्ही सांगितले, आणि फोनमधला फ्रिजच्या दाराचा फोटो दाखवला. नोकरी लगेच मिळाली नाही. मिळाली तेव्हा पगार सहा वर्षांपूर्वीच्या पगारापेक्षा कमी होता. हे मी मुद्दाम लिहिते, कारण प्रामाणिकपणाला तत्काळ बक्षीस मिळते असे मुलांना सांगणे हीही एक फसवणूकच होईल. पण नोकरी लागल्यावर पहिल्या दिवसापासून तिला ते काम येत होते. तिच्या टीमला ते कळले.

नोकरी देणाऱ्यांना माझे सांगणे जरा कडक आहे. जाहिरातीत 'सर्टिफिकेशन अनिवार्य' असे लिहिणे सोपे असते, कारण मग माणूस ओळखण्याची जबाबदारी आपल्यावर राहत नाही. डम्पचा बाजार या एका ओळीवर उभा आहे. ती ओळ बदलून 'असल्यास चांगले' करा आणि मुलाखतीत विचारा: तुम्ही कोणाची अडचण दूर केलीत, कशी, आणि कुठे हरलात? याचे उत्तर डम्पमध्ये नसते. वर्गाला पाठवायचे असेल तर परतल्यावर टीमला एक तरी निर्णय स्वतः घेऊ द्या. आणि बैठकांची भाषा बघा. इंग्रजी अडखळते म्हणून स्टँडअपमध्ये मुके होणारे कितीतरी हुशार लोक मी पाहिले आहेत. पुण्यात बसलेल्या मराठी टीमने आपापसातली पंधरा मिनिटे मराठीत बोलली तर कोणत्या ग्राहकाचे काय बिघडते? ज्या टीममध्ये परभाषक आहेत तिथे सगळ्यांना पेलेल ती भाषा घ्यावी. पण कोणी गप्प बसू नये. त्या चौदा पानांचे सामूहिक वाचन मराठीत करता येते. आम्ही केले आहे, चार शुक्रवार पुरतात.

आईबापांनाही एक सांगायचे आहे. मुलाने कर्ज काढून सर्टिफिकेट घेतले की पदाची हमी मिळाली असे समजू नका. २०२३च्या जानेवारीत अमेरिकेतल्या कॅपिटल वन या बँकेने अ‍ॅजाइल कामाची स्वतंत्र पदेच रद्द केली. अकराशेहून अधिक लोकांच्या नोकऱ्या त्यात गेल्या. ते काम इंजिनिअरांनीच आपल्या कामाबरोबर करावे, असे तिने ठरवले. त्या लोकांत जाणते, अनुभवी लोक नक्कीच असतील. पण पदाचे नाव हे छप्पर नव्हे. आपला मुलगा त्या नावाखाली काय करायला शिकला, हे जेवताना त्याला विचारा. पॅकेजचा आकडा नंतर विचारला तरी चालेल.

स्क्रम मास्टर म्हणजे नेमके कोण, हे मला इंग्रजी पुस्तकांपेक्षा आषाढीच्या वाटेवर अधिक नीट कळले. माऊलींची पालखी मुक्कामाच्या तळावर पोचते, दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा गजर चाललेला असतो. समाजआरतीच्या आधी चोपदार आपला दंड उंच करतो आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. पण एखाद्या दिंडीचा टाळ थांबत नाही. तो वाजतच राहतो. त्या दिंडीची काही तक्रार आहे, असा त्याचा अर्थ. कोणाचे काही हरवले असेल, कोणाला वाटेत त्रास झाला असेल. चोपदार त्या आवाजाच्या दिशेने चालत जातो, ऐकून घेतो, मार्ग काढतो. मगच तो टाळ थांबतो आणि आरती पुढे सुरू होते. तक्रार करणाऱ्याला कोणी दटावत नाही, आणि लाखोंचा सोहळा एका दिंडीसाठी खोळंबतो.

दंड हातात असणे हा त्या पदाचा दिसणारा भाग आहे. प्रमाणपत्र तेवढेच देऊ शकते. टाळ कुठून वाजतो आहे ते ऐकणे, आणि तिकडे स्वतःच्या पायांनी चालत जाणे, हे ज्याला येते त्याच्या हाती दंड शोभतो. ज्याला ऐकूच येत नाही त्याने दंड कितीही उंच धरला तरी टीम गप्प होईल, पण ती भीतीने किंवा कंटाळ्याने. अशा गप्प टीममध्ये मी वर्षे काढली आहेत. तिथे बोर्डवर सगळे हिरवे असते आणि रिलीजच्या आदल्या रात्री सगळे जागे असतात.

भाच्याला मी पीएसएमचे नाव सांगितले, पण एका अटीवर. डम्प घ्यायचा नाही, आणि परीक्षेची तारीख ठरवण्याआधी एक महिना साधी वही ठेवायची. रोज आपल्या टीममध्ये काय अडले आणि कोणाचे अडले, एवढेच लिहायचे. त्याला ते शाळेतल्या गृहपाठासारखे वाटले. "याचा सिलॅबसशी काय संबंध, आत्या?" असे तो दोनदा म्हणाला. पण वही ठेवली.

महिन्याने तो घरी आला तेव्हा वही घेऊन आला. एकवीस दिवसांपैकी अकरा दिवस एकच नोंद होती: टेस्टिंगचा सर्व्हर सकाळी बंद. आणि ती दरवेळी एकाच मुलीच्या नावापुढे होती. ती नवीन होती, सोलापूरची. पहिल्या आठवड्यात तिने स्टँडअपमध्ये तीनदा सांगितले होते. कोणी दखल घेतली नाही, म्हणून नंतर ती सांगेनाशी झाली होती. ती रात्री थांबून काम भरून काढत होती.

"मला रोज दिसत होतं गं," तो म्हणाला. "मी पण माझं काम झालं की निघत होतो."

दुसऱ्या दिवशी तो सर्व्हर सांभाळणाऱ्या विभागात गेला. तिथल्या माणसाने सांगितले की पहाटे बॅकअप चालतो आणि तो संपेपर्यंत सर्व्हर उठत नाही. वेळ बदलायची असेल तर मॅनेजरची सही लागेल. भाचा मॅनेजरकडे गेला, वहीची पाने दाखवली, आणि सही घेऊन परत खाली आला. आता बॅकअप रात्री दोनला चालतो. सकाळी नऊला ती मुलगी आली की सर्व्हर चालू असतो.

परवा फोनवर त्याने हे सांगितले, वहीत आता दुसऱ्या कोणाचे नाव वारंवार येते आहे तेही सांगितले. परीक्षेची तारीख त्याने अजून घेतलेली नाही.